वहिनीला हाक कशी मारायची

बातमी आली तेव्हा मी ओतूरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मांडीवर पिशवी, पिशवीत दादाचे दोन धुतलेले सदरे. गाडी येण्याआधीच शेजारच्या गृहस्थांशी माझी खिडकीच्या जागेवरून कुरबूर सुरू झाली होती. तेवढ्यात दादाचा फोन आला. "गेली रे," एवढंच म्हणाला. कोण, ते सांगितलं नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं वहिनीचं नाव कधी घेतलं नव्हतं, ते आता कुठून घेणार… गाडी आली. गृहस्थांनी खिडकी माझ्यासाठी सोडली, का कुणास ठाऊक. बहुतेक माझं तोंड बघून.

सुनंदावहिनीला जाऊन आता दीड महिना झाला. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तिच्यावरही मीच लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं. मी मराठीचा मास्तर. श्रद्धांजलीचे शब्द माझ्याकडे तयार असतात, गावातल्या निम्म्या फलकांवर तेच आहेत. वहिनीसाठी बसलो तर त्यातला एकही चालेना.

वहिनीचं माहेर येडगावकडचं, मेंढरांमागं फिरणारं. आमच्याकडची मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली, घर शेतीला लागलं आणि मी खडूला. ती शाळेत गेलेली नव्हती. दादा-वहिनीला मूल झालं नाही. माझी लेक अंकलिपी शिकायला लागली तेव्हा तिच्या शेजारी बसून वहिनीनं अक्षरं गिरवली. जुन्नरच्या एका नाक-कान-घशाच्या दवाखान्यात ती फरशी पुसायला लागली होती. पुसता पुसता ती पेशंटशी बोलायची, आणि ती जवळ असली की भुलीतून उठणारा माणूस दांडगाई करत नाही, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला पेशंटच्या उशाशी बसवलं. तिथं ती एकोणीस वर्षं बसली.

नाकाचं ऑपरेशन झालं की दोन्ही नाकपुड्या आतून गच्च भरून टाकतात. भूल उतरताना माणसाला आपण कुठं आहोत ते कळत नसतं, फक्त श्वास अडलाय एवढं कळतं. कुणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं वाटून तो हातपाय झाडतो, नाकातलं ओढायला बघतो, रक्त काढून घेतो. वर दुखणं असतंच. वहिनी आदल्या दिवशीच पेशंटला खाटेवर बसवायची, त्याचं नाक आपल्या चिमटीत धरायची आणि तोंडानं श्वास घ्यायला लावायची, चमच्यानं पाणी प्यायला लावायची. "उंद्या असंच वाटनार हाये. कोन मरत न्हाई." दुखणं थांबवायचं औषध उठायच्या आधी गेलंय की नाही, हे ती सिस्टरला दोन-दोनदा विचारायची; त्या वैतागायच्या, पण सांगायच्या. आणि शेवटी नातेवाइकांना एकच प्रश्न: ह्याला लहानपणी घरात काय म्हणायचे? आधार कार्डावरचं नाव तिला नको असायचं. ती म्हणायची, भुलीतून मानूस मागल्या दारानं घरात येतो, तितं त्याला नवं नाव ठावं नसतं.

माझ्या नाकाचं हाड वाकडं होतं आणि माझ्या घोरण्यानं शेजारी जागे व्हायचे, म्हणून एकदा माझीही पाळी आली. नाक दाबून पाणी पिण्याची तालीम मी हसण्यावारी नेली. बी.एड. झालेल्या माणसाला श्वास कसा घ्यायचा ते काय शिकवायचं? दुसऱ्या दिवशी जाग आली ती येडगावच्या धरणात बुडतानाच. मी डॉक्टरांना लाथ मारली म्हणे. भाषेच्या शिक्षकाला न शोभणारे तीन शब्द वापरले, आणि वहिनीच्या गालावर एक ठेवून दिली. तिनं गाल चोळला नाही. कानाशी वाकून म्हणाली, "ढब्या, नाक बंदच हाये. तोंड उघड." ढब्या मला आई म्हणायची. आईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी तोंड उघडलं… शेजारच्या खाटेवर माझ्याच एका विद्यार्थ्याचे वडील होते, त्यामुळे सोमवारी वर्गातल्या फळ्यावर काय लिहिलेलं होतं ते सांगायला नको.

वहिनीला साखर होती. सगळ्यांची पथ्यं तिला पाठ, स्वतःची सोडून. दिवाळीनंतर तिचा गाल बधिर झाला, दाढ दुखते म्हणून तिनं महिना काढला, मग नाकातून काळं यायला लागलं. हाड खाणारी बुरशी. डॉक्टरांनी बघितलं आणि त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी चेष्टेनं म्हणालो, "वहिनी, आता तुमची तालीम." तिनं खरंच स्वतःचं नाक धरलं आणि शहाण्या मुलीसारखा तोंडानं श्वास घेऊन दाखवला. दमली. "लई अवघड हाये की रं," म्हणाली. "मी लोकांना उगंच सोपं सांगत व्हते." त्या वेळी तिला तिचाच प्रश्न विचारायला हवा होता. सुचलं नाही. मी हसत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोघंही आत या, त्या आवरत नाहीयेत. नाक भरलेलं, एक डोळा बांधलेला, दोन्ही मनगटं पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेली, आणि वहिनी आढ्याकडे तोंड करून धडपडत होती. जितकं देता येईल तितकं दुखण्याचं औषध दिलंय, सिस्टर म्हणाल्या, आणखी दिलं तर श्वास मंदावेल. ओळखीच्या आवाजात हाक मारा. दादानं तोंड उघडलं. "अगं… अगं, ऐकलं का…" त्याच्याकडे दुसरी हाकच नव्हती. मी "वहिनी" म्हणालो, "सुनंदा" म्हणालो. हे नाव लग्नात दादानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं होतं, ते तिला कुठून सापडणार? लग्नपत्रिकेत माहेरचं नाव लक्ष्मी होतं, तेही म्हणून बघितलं. ती मान आपटत राहिली. शेवटी, सांगायला लाज वाटते, मी मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. क्षणभर वहिनीची मान आवाजाच्या दिशेनं वळली… आणि परत सुरू.

"लहानपणी घरात काय म्हणायचे यांना?" सिस्टरनी विचारलं.

ते आम्हा दोघा भावांना ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं ती आमच्या घरात होती.

तिचे आई-वडील कधीच गेलेले. उरला होता थोरला भाऊ म्हाळू, पण सासरच्या दारात बहिणीला लहानपणीच्या नावानं पुकारायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, त्यामुळे आमच्यासमोर तो तिला 'बाई' म्हणायचा. मी जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. मेंढरं घाट उतरून कोकणात गेलेली, फोन लागेना. लावत राहिलो, काच असलेल्या दारातून आत बघत राहिलो. हाताच्या पट्ट्या तिनं ओढून ओढून मनगटात रुतवल्या होत्या. मग तिचा श्वास बिघडला. त्यांनी पडदा ओढला, घशात नळी घातली आणि तिला पुन्हा झोपवलं.

ऊन कललं तेव्हा म्हाळूचाच फोन आला. कुठल्या तरी टेकाडावर चढला होता, वारा ऐकू येत होता. मी काय विचारतोय ते त्याला आधी कळेना. मग म्हणाला, "ठकू. ठकू म्हना, पावणं. आन जरा वरडून म्हना, ती यका हाकंत येत न्हाई."

मी आत गेलो. कानाशी वाकलो. "ठकू, नाक बंदच आहे. तोंडानं श्वास घे." श्वास यंत्र घेत होतं. म्हाळूनं सांगितलं होतं म्हणून ओरडूनही म्हणालो. सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर नेलं. ती त्यानंतर उठली नाही. तिसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर होतो.

म्हाळू दहाव्याला आला. आता रीत पाळायला कोण होतं? ठकू अशी, ठकू तशी, ठकूनं लांडग्याला काठी मारली, असं तो बोलत सुटला. आमच्याकडची माणसं हळूच एकमेकांना विचारत होती, ही ठकू कोण? दादा खाली मान घालून ऐकत होता, परक्या बाईबद्दल ऐकावं तसं. नंतर म्हाळूनं मला बाजूला घेतलं. "हाक गेली का तिच्यापत्तुर?"

"गेली," मी म्हणालो.

"लगीच?"

"दोनदा मारावी लागली."

तो हसला, मग पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत म्हणाला, "तशीच व्हती."

म्हाळूला वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहितोय. कुणी त्याला वाचून दाखवू नये, ही विनंती.

अजून मेंढरं घेऊन तो त्या बाजूलाच आहे. आठ-पंधरा दिवसांनी रेंज मिळाली की फोन करतो. पाऊसपाणी, दादाची तब्येत, एवढं झालं की म्हणतो, "पावणं, सांगा की परत. कशी शांत झाली?" मी सांगतो. पहिल्यांदा ती फक्त शांत झाली होती. पुढच्या फोनला तिनं माझं बोट धरलं. परवा तिनं एक डोळा उघडून विचारलं, मेंढरं कुठवर गेली. तिकडून वारा ऐकू येत होता… घंटा वाजत होत्या, कुठलं तरी कोकरू ओरडत होतं.

"मंग?" म्हाळू म्हणाला. "मंग तुमी काय सांगितलं तिला?"