आईंनी न विचारता लावलेलं कुंकू

आई गेल्याची बातमी मला प्रयोगशाळेत कळली. वेलिंग्टनपासून दोन तासांवरच्या पामर्स्टन नॉर्थच्या ज्या संशोधन संस्थेत मी नोकरी करते तिथे दुधाचे नमुने तपासत बसले होते, हातात रबरी मोजे, आणि शिरीषचा फोन आला. "मृदुला, आई..." एवढंच म्हणाला. माझ्या सासूबाई जेवून खुर्चीत जरा टेकल्या होत्या, त्या तशाच गेल्या. लोकांना अशा वेळी रडू येतं. मला आधी राग आला. वसंतीच्या अपिलाचा निकाल अजून यायचा होता, आणि तो ऐकल्याशिवाय या बाईंनी जायला नको होतं! दीड महिना होऊन गेला, राग पुरता उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघं इथे आलो ते नव्या शतकाच्या सुरुवातीला. शिरीष कॉम्प्युटरवाला, मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. शिक्षणाचे, वयाचे, अनुभवाचे गुण मोजून या देशाने आम्हाला रीतसर घेतलं. दोन वर्षांनी आई आल्या. पुण्यात महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली बाई, स्वस्थ बसणार थोडीच? साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि रोज दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फेरी. त्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, ते आईंना शेवटपर्यंत पटलं नाही. दूध सोडून सगळं विकतो मेला, म्हणायच्या. कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू. नाना, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा ते पुसायला आलेल्या चुलतसासूबाईंना त्यांनी हात जोडून दारातूनच परत पाठवलं होतं. पुढे घरच्या हळदीकुंकवाला त्या विधवांना मुद्दाम बोलवायच्या आणि पहिलं बोट त्यांच्याच कपाळाला लावायच्या. आळीतल्या बायका नाकं मुरडायच्या. आईंना त्याची मजाच वाटायची.

वसंती त्यांना त्या डेअरीतच भेटली. जाफन्याकडची तमिळ बाई, पस्तिशीची, वृद्धाश्रमात साफसफाईचं काम करायची. तिच्या नवऱ्याला घराच्या अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत मारलं होतं. ती कशीबशी इथवर पोचली आणि विमानतळावरच तिने आश्रय मागितला. पहिल्या फेरीत तिला नकार मिळाला, कारण तिच्या सांगण्यातल्या तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या. आता अपील चालू होतं. ते हरली तर परत जावं लागणार होतं, जिथून पळाली तिथेच. आईंच्या आणि तिच्या मोडक्या इंग्रजीचं कसं जमलं देव जाणे, पण ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. गप्प बसून जेवायची. तिला कधी रडताना पाहिलं नाही.

शिरीषला हे आवडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. निवडणूक तोंडावर आली होती. इथे कायम राहायचा परवाना असला की नागरिक नसतानाही मत देता येतं, त्यामुळे आमच्या घरात तीन मतं. शिरीष बाहेरून येणाऱ्यांना चाप लावणाऱ्यांच्या बाजूचा. आपण रांगेत उभं राहून आलो, म्हणायचा, ही माणसं मधेच घुसतात. आणि एवढासा देश, किती जणांना पुरणार? आई भात कालवत म्हणाल्या, एवढ्या मेंढरांना पुरतोय की. मला हसू आलं, शिरीषला नाही आलं. मग त्यांनी हात थांबवला. "तुला घेतलं कारण तू त्यांच्या कामाचा होतास, शिरीष. त्यात उपकार कसले? कामाची नसलेली बाई दाराशी आली की काय करतात, त्यावरून घर कळतं."

"पण आई, घर आपलं नाही."

"मत देतोस ना? मग आपलंच. तिला परत पाठवलं तर त्यात तुझा हात असेल. माझासुद्धा."

शिरीष ताटावरून उठला. त्या आठवड्यात घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. मी मत कोणाला दिलं ते मी दोघांनाही सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

जानेवारीत संक्रांत आली. इथे ती भर उन्हाळ्यात, तिळगूळ हाताला चिकटतो. इथलं मराठी मंडळ म्हणजे आम्ही पंधरा-वीस कुटुंबं. एका सभागृहात हळदीकुंकू ठेवलं होतं. आई वसंतीला घेऊन गेल्या. दोन-तीन जणींची कुजबुज माझ्या कानावर आली, ती सवाष्ण आहे का, असली तर नवरा कुठाय... आईंनीही ती ऐकली. झालं! उठल्या, करंडा घेतला आणि सगळ्यांच्या देखत वसंतीच्या कपाळावर कुंकू टेकवलं. कोणीतरी फोटो काढला. पुढच्या आठवड्यात तो मंडळाच्या वेबसाइटवर झळकला, खाली मराठीत आणि इंग्रजीत, 'आमच्या सुवासिनी'.

फेब्रुवारीच्या शेवटी वसंतीच्या वकिलाचा फोन आला. तो फोटो कोणीतरी निनावी पोस्टाने अपिलाच्या कचेरीत पाठवला होता, सुवासिनी म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती, अशा खुलाशासकट. तो खुलासा लिहिणारं माणूस आपल्यातलंच असणार, दुसऱ्या कोणाला काय कळतंय? कोण ते मला आजही माहीत नाही, आणि मंडळात गेले की मी एकेकीच्या तोंडाकडे बघत बसते. वकिलाचं म्हणणं सरळ होतं. वसंतीची सगळी बाजू नवरा मारला गेला यावर उभी होती, आणि हा फोटो तिला खोटं पाडत होता.

आईंनी ते ऐकलं आणि खाली बसल्या. माझ्या हाताने झालं गं, एवढंच म्हणाल्या. मग जेवण तुटलं, फिरणं बंद. आपण साक्षीला जायचं असं त्यांनी ठरवलं तेव्हा शिरीष भडकला. आमचे नागरिकत्वाचे अर्ज नुकतेच गेले होते, त्याला भीती वाटत होती. भीती मलाही होती. पण गाडी मीच काढली, कारण त्या बसने निघाल्या असत्या.

सुनावणी वेलिंग्टनला होती. वेलिंग्टनच्या अलीकडे पोरिरुआला चहासाठी थांबलो तर आईंनी कपाला हात लावला नाही. मागच्या सीटवर वसंती आणि ह्या, दोघी खिडकीबाहेर बघत. मी विषय काढायचा म्हणून हवेबद्दल काहीतरी बोलले. सुनावणी बंद खोलीत होते, मला आत सोडलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत काय झालं ते मला नंतर वसंतीने सांगितलं.

निकाल देणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, तुमच्या रूढीत ही खूण नवरा जिवंत असलेल्या बाईची असते का? वकिलाला वाटलं, आई आता काहीतरी सारवासारव करतील. आई म्हणाल्या, हो, रूढी तशीच आहे. मग तुम्ही हिला का लावलंत? तेव्हा आईंनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. माझा नवरा गेला त्याला कितीतरी वर्षं झाली, म्हणाल्या, आणि हे बघा. मी लावलेल्या कुंकवावरून कोणाचाही नवरा जिवंत ठरत नाही. त्या गृहस्थांनी आणखी एक विचारलं, हिने ते राजीखुशीने लावून घेतलं का?

"नाही," असं मग त्यांनी सांगितलं. "तिने मान मागे घेतली होती. मी हनुवटी धरली आणि लावलं. मला चार बायकांना दाखवायचं होतं. तिला मी विचारलं नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळासाठी भांडलेल्या बाईला हे परक्या माणसांसमोर, परक्या भाषेत बोलावं लागलं. घरी आल्यावर शिरीषने दार उघडलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पाणी आणून दिलं. पुढचे महिने रोज टपालपेटी बघणं सुरू झालं. वसंती आली की त्या तिच्याशी पूर्वीसारख्या बोलायच्या, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नसत. आणि ऐन हिवाळ्यात, निकालाची वाट बघता बघता, त्या गेल्या.

निकाल त्यांच्या पाठोपाठ आला. वसंतीचं म्हणणं मान्य झालं होतं, तिला इथे राहता येणार होतं. ती कामावरून थेट आमच्याकडे आली आणि कोट न काढता आईंच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. खोली आम्ही अजून आवरलेली नाही. उशाला त्यांचा चष्मा आहे, खुर्चीवर घडी घातलेला स्वेटर. मी शेजारी बसले. मला वाटलं, ही आता आनंदाने काही बोलेल. मी अजूनही असं म्हणणारी आहे की कुठल्याच देशाला सगळ्यांसाठी दार सताड उघडं टाकता येत नाही, आणि आईंशी मी यावर उद्याही भांडले असते. पण त्यानंतर जे ऐकलं त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

"इतके दिवस मी रडले असते," वसंती म्हणाली, "तर ते खरं की खोटं, हे कोणीतरी ठरवलं असतं."

आणि मग ती रडली. नवऱ्याला हाका मारून, मोठमोठ्याने, तो कालच गेल्यासारखी. शिरीष दारात येऊन उभा राहिला, त्याला आत येववेना आणि जाववेना. गुणा, गुणा, म्हणत होती ती. त्या माणसाच्या मरणावर आमच्या घरात वर्षभर वाद झाला होता, मतं पडली होती, साक्ष झाली होती. त्याचं नाव आम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्यापैकी कोणीच ते तिला विचारलं नव्हतं... आईंनीसुद्धा नाही.