चौदा माणसांचा बॉयलर

बेतलेहेमशेजारच्या बेत जालातली सगळ्यांत देखणी घरं बेत जालात न राहणाऱ्यांची आहेत. माणूस चिलीला जातो, तिथे कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो, इकडे टेकडीवर त्याचं दगडी घर उभं राहतं आणि मग त्या घराला कुलूप लागतं. कुलूपही चांगल्यापैकी असतं. अशी कितीतरी घरं अफ्तीम गवंड्यांनी बांधली. दगड घडवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. हे सगळ्यांत आधी त्यांना स्वतःलाच कळलेलं असल्यामुळे दुसऱ्या कोणाला त्यांना ते सांगण्याची तसदी पडत नसे.

थोरल्या मुलाच्या नावावरून गाव त्यांना अबू नकूला, म्हणजे नकूलाचा बाप, म्हणे आणि त्यांच्या बायकोला उम्म नकूला, नकूलाची आई. थोरला नकूला स्वतः चिलीत सांतियागोला जाऊन निकोलास झाला होता. पण त्यामुळे इकडच्या नावांत काही फरक पडला नाही.

मुलं तीन. नकूला, मग सुहैला, मग खलील. ती लहान होती तेव्हा घरात बॉयलर नव्हता, रेडिएटर नव्हते, वरचा मजलाही नव्हता. एक मोठी खोली होती आणि तिच्या मधोमध पितळी शेगडी. तेलघाण्यावरून आणलेला ऑलिव्हचा चोथा तिच्यात धुमसत असे आणि पाचही माणसं पाय शेगडीकडे, डोकी भिंतीकडे करून झोपत. नकूलाचे मोजे दोनदा जळाले. खलीलला त्या धुराने खोकला होई, मग उम्म नकूला दार किलकिलं करी, मग सुहैलाला थंडी वाजे, मग भांडण. टेकडीवरचा हिवाळा म्हणजे थट्टा नव्हे. एखाद्या वर्षी बर्फही पडतं.

नकूला चुलत्याच्या दुकानात मदतीला म्हणून दोन वर्षांसाठी गेला. सुहैलाला तिकडचंच स्थळ आलं. खलील भावाच्या हाताखाली गेला. आणि घर असं रिकामं झाल्यावर अबू नकूलांनी वरचा मजला चढवला, तीन खोल्या काढल्या आणि चौदा माणसांना पुरेल असा बॉयलर आणला.

"आता एवढा कशाला?" तेव्हा उम्म नकूलांनी विचारलं होतं.

"पोरं उन्हाच्या देशातून येणार. त्यांना इथला गारठा सोसणार आहे का?"

"इथेच तर वाढली!"

"तेव्हा त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं," अबू नकूला म्हणाले.

पोरं एकदा आली, सगळी मिळून, खलीलच्या लग्नाला. महिना जुलैचा होता. उकाडा असा की रात्री सगळे गच्चीवर झोपले. अबू नकूलांनी जावयाला बॉयलरच्या खोलीत नेऊन तो बंद बॉयलर दाखवला. जावई म्हणाला, "वा." हिवाळ्यात मात्र कोणी आलं नाही. तिकडची मोठी सुट्टी जानेवारीत पडते, तेव्हा तिथे कडक उन्हाळा असतो आणि पोराबाळांना समुद्रावर न्यावं लागतं. हे नकूला दरवर्षी समजावून सांगे आणि दरवर्षी अबू नकूलांना पटे.

अठरा हिवाळे त्या बॉयलरने म्हातारा-म्हातारीची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर एवढंच तापवलं. वरच्या रेडिएटरांच्या चाव्या बंद. तरी उम्म नकूला दर आठवड्याला वरच्या गाद्या उलटवत. का, असं कोणी विचारलं तर म्हणत, "गाद्यांना काय कळतं कोण कुठे आहे ते."

त्या वर्षी डिसेंबरात, संत बार्बराच्या सणाच्या सुमाराला, बॉयलरच्या खाली पाण्याचं थारोळं दिसलं. सुभीला बोलावणं गेलं. सुभी बेतलेहेमचा, बॉयलर दुरुस्त करणारा. त्याचं तोंड हातापेक्षा जोरात चाले. पण हातही वाईट नव्हता. मागच्या दोन हिवाळ्यांत त्यानेच दोनदा वेल्डिंग करून दिलं होतं. तो अर्धा आत शिरला, ठोकून पाहिलं, बाहेर आला आणि हात न धुताच उंबरठ्यावर बसला. उम्म नकूलांनी त्याच्यापुढे सणाची गव्हाची खीर ठेवली, वरून अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे.

"कर वेल्डिंग," अबू नकूला म्हणाले.

"काका, वेल्डिंगला लोखंड लागतं. इथे लोखंडाची फक्त आठवण उरलीय."

"मागच्या वर्षी होतं की."

"मागच्या वर्षी मीही बारीक होतो." सुभीने खिरीचा घास घेतला. "एक विचारू? वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"पोरं."

"कोणाची?"

"माझी! आणखी कोणाची?"

"ती तर चिलीत आहेत."

"मग? चिली काय चंद्रावर आहे?"

सुभीने उम्म नकूलांकडे पाहिलं. त्या खिरीच्या पातेल्याकडे पाहत होत्या.

"राग मानू नका काका, पण हा कामाने मेलेला नाही. काम न मिळाल्याने मेलाय. एवढं धूड, आणि तापवायच्या दोन खोल्या. पेटतो न पेटतो तोच पाणी गरम, की बंद. पुन्हा गार, पुन्हा पेट. अंगात पुरती ऊब याने कधी धरलीच नाही. मग धुरातलं पाणी आतल्या आत सुटत राहतं आणि पत्रा खात राहतं. याच्याच जोडीचा माझ्या मामाकडे आहे. अकरा माणसं घरात, दिवसरात्र राबतो. अजून घोड्यासारखा आहे."

"ऐकलंत?" उम्म नकूला म्हणाल्या. "मी हेच म्हणते."

"तू कधी म्हणालीस?"

"मनात म्हणते. मोठ्याने म्हटलं तर तुम्ही ऐकता थोडंच."

सुभीने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "नवाच बसवावा लागेल. केवढा, ते तुम्ही सांगा. घरात माणसं किती?"

"चौदा," अबू नकूला म्हणाले.

"दोन," उम्म नकूला म्हणाल्या.

दोघं एकाच वेळी बोलले. सुभीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आणखी थोडी खीर मागितली.

मोठा आणला तर तोही असाच आतून कुजणार, हे सुभीने जाताना पुन्हा सांगितलं. छोटा आणला तर वरच्या मजल्याच्या नळ्या कायमच्या तोडाव्या लागणार. तेवढा जोर त्याच्यात नसतो. अबू नकूला म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दगड मनासारखा मिळाला नाही तर ते भिंत महिना महिना अडवून धरत, पण दुसरा दगड लावत नसत. इथे तर दगडाचाही प्रश्न नव्हता. छोटा बॉयलर बसवणं म्हणजे पोरं येणार नाहीत असं स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिणं होतं, आणि एका गवंड्याने ते लिहायचं होतं.

तोवर माळ्यावरची पितळी शेगडी खाली आली. उम्म नकूला खोकू लागल्या. मार नकूलाच्या, म्हणजे संत निकोलासच्या, सणाला चर्चमध्ये त्यांचा खोकला पाद्रीबाबांच्या आवाजाच्या वर चढला, तेव्हा बायकांनी माना वळवून अबू नकूलांकडे पाहिलं. ते छताच्या कमानीकडे पाहत होते. कमान चांगली होती. पण तेवढा वेळ पाहण्यासारखी नव्हती.

घरी आल्यावर ते म्हणाले, "पोरांना विचारू. घर त्यांचंही आहे."

"विचारा की," उम्म नकूला म्हणाल्या.

अबू नकूलांना खात्री होती. नकूला म्हणणार, बाबा, छोटा आणू नका, आम्ही आलो तर कुठे झोपायचं? एवढं वाक्य त्याने उच्चारलं असतं तरी पुरे होतं. मग मोठा बॉयलर आणता आला असता, तो खुशाल कुजला असता.

मोबाइलवर नकूला दिसला. उघडाच, खांद्यावर टॉवेल, मागे निळं पाणी आणि पाण्यात ओरडणारी मुलं. इकडे अबू नकूला कोट, त्यावर ब्लँकेट आणि डोक्यावर लोकरी टोपी असे बसलेले.

"बाबा, तुम्ही मेंढपाळासारखे दिसताय!"

"तू मेंढीसारखा दिसतोस. कातरलेल्या," अबू नकूला म्हणाले. मग बॉयलरचं सगळं सांगितलं. सुभीने सांगितलं त्यातलं कुजण्याचं वगळलं. शेवटी विचारलं, "तर मोठा घेऊ की छोटा?"

नकूलाने क्षणभरही विचार केला नाही. मुलगा गुणी होता, आईबापाची त्याला काळजी होती.

"छोटाच घ्या बाबा! तुम्हा दोघांपुरता. उगाच मोठं धूड कशाला सांभाळायचं या वयात? जिने चढून वर जायचंही सोडा आता. आई, तू सांग यांना."

"आणि तुम्ही आलात तर?"

"आम्ही आलो तर उन्हाळ्यात येऊ की, बाबा. तुमच्या उन्हाळ्यात."

मागे कोणीतरी पाण्यात उडी मारली. धाकटा नातू ओला चेहरा पुढे घालून स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" अबू नकूलांनी विचारलं.

"विचारतोय, आजोबा घरात टोपी घालून का बसलेत."

"बरं," अबू नकूला म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात दिला. उम्म नकूला नंतर पुष्कळ वेळ बोलत होत्या. ऑलिव्ह यंदा कमी आले, शेजारणीच्या मुलीचं जमलं, असलं काहीबाही. खोकला आला की फोन छातीशी दाबून धरत, तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी अबू नकूला पायी उतरून बेतलेहेमला गेले. सुभीच्या दुकानाच्या दारातूनच म्हणाले, "दोन माणसांचा." सुभी काहीतरी बोलणार होता. त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही, ही गोष्ट त्याने पुढे बऱ्याच जणांना सांगितली.

जुना बॉयलर काढायला दोन दिवस लागले, कारण तो दारातून निघेना. दार आहे तेवढंच होतं आणि बॉयलर त्याहून रुंद. मग तो आत गेला कसा, असं सुभीने विचारलं. गेला नव्हता. आधी तो उघड्यावर मांडला होता आणि अबू नकूलांनी त्याच्याभोवती खोली बांधली होती. परत बाहेर काढायची वेळ येईल असा हिशेब त्यात कुठेच नव्हता.

"थोडी भिंत पाडू, काका? पुन्हा तुम्हीच बांधाल."

"भिंतीला हात लावायचा नाही."

"मग याला कापावं लागेल."

"काप."

सुभीने बॉयलर कापला. ठिणग्या अंगणापर्यंत उडत होत्या. अबू नकूला समोर स्टूल टाकून बसले आणि शेवटचा तुकडा बाहेर येईपर्यंत उठले नाहीत. उम्म नकूलांनी दोनदा कॉफी आणली. दोनदा ती गार झाली. वर जाणाऱ्या नळ्या सुभीने छताखाली कापून बुचं मारली. भिंतींतली आणि छतातली भोकं बुजवायला मात्र अबू नकूलांनी त्याला हात लावू दिला नाही. हातोडी-छिन्नी काढून त्यांनी प्रत्येक भोकासाठी दगडाची खुंटी घडवली, चुन्यात बसवली, घासली. हात आता थरथरत असे, पण काम तसं दिसत नव्हतं. आज त्या भिंतीवरून हात फिरवला तर नळी कुठून जात होती हे सापडत नाही.

छोटा बॉयलर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला. कपाटाएवढा, पांढरा, आवाज जवळजवळ नाही. पहिल्याच संध्याकाळी खोली अशी तापली की उम्म नकूलांनी आधी शाल काढली, मग लोकरी मोजे. त्या घरात एवढी ऊब पूर्वी कधीच नव्हती. ना शेगडीच्या दिवसांत, ना मोठ्या बॉयलरच्या. त्यांचा खोकला तीन दिवसांत गेला. छातीत जे इतके दिवस वाजत होतं ते थांबल्यावर खोली फारच शांत झाली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सुहैलाचा फोन आला.

"बाबा, बसवला ना? घर तापतं?"

"हो ग. चांगलं तापतं."

"सगळं?"

अबू नकूलांनी खोलीभर नजर फिरवली. "सगळं," ते म्हणाले.

तिकडे सुहैलाने वळून नवऱ्याला ती बातमी स्पॅनिशमध्ये सांगितली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. एक काळजी मिटली होती, आणि तीही फार त्रास न होता.

फोन ठेवल्यावर अबू नकूला खुर्चीतच बसून राहिले. कपाळावर घाम होता, तो पापणीपर्यंत आला तरी त्यांनी पुसला नाही.

"अहो, पाझरताय नुसते," उम्म नकूला म्हणाल्या. "कोट काढा की आता."

"काढतो," ते म्हणाले. "घाई काय आहे."