अरेंजर कोण?

काहीही हातात दिलं की चाचा ते आधी उलटं करायचे. रेकॉर्ड, लग्नपत्रिका, आमचं पत्रक, काहीही. मागची बारीक अक्षरं वाचून विचारायचे, "अरेंजर कोण?"

नाशिक रोडला सभा-लग्नांना लाउडस्पीकर भाड्याने देणारे हे म्हातारबाबा तुम्हीही पाहिले असतील. भंगारातून उचललेल्या परदेशी रेकॉर्डचा त्यांच्याकडे ढीग होता. जॅझ, सोल, फंक. पुढे फोटो वेगवेगळ्या गायकांचे, मागे अरेंजर, म्हणजे वाद्यांची मांडणी करणारा, म्हणून नाव मात्र एकाच माणसाचं.

"गानेवाले को छोड बेटा. ट्रम्पेटवाले गप कधी बसतात ते ऐक. त्यांना गप बसवतो तो अरेंजर."

आमच्या वस्तीला नळ नव्हता. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि हे मला गप्प बसण्याचं संगीत शिकवणार! संताप यायचा.

तीन मोर्चे नेले. महापालिकेत पाण्याचं खातं सांभाळणारे साहेब एकदाही ऑफिसच्या गॅलरीत आले नाहीत. शिपाई यायचा, निवेदन घ्यायचा, दार लावायचा.

"सगळे एकदम ओरडता," चाचा म्हणाले. "साहेबाला पंख्यासारखी सवय झाली तुमची. अरेंजर कोण आहे?"

"मोर्चा आहे चाचा, वरात नाही!"

पण बायकांना पटलं. वस्तीत तालीम सुरू झाली. पुढच्या रांगेनं "पाणी" म्हणायचं, मधलीनं "कुठंय?", मागच्यांनी हंडे बडवायचे. चाचांनी मूठ मिटली की चिडीचूप. उघडली की सगळे एकदम, आणि शेवटी चाचांचा जुना ट्रम्पेट.

"आन् त्या गपमधी मला खोकला आला तं?" यमुनाबाईनं विचारलं.

"बेसमध्ये खोक," चाचा गंभीरपणे म्हणाले.

चौथ्या मोर्चात मूठ मिटली. इतकी शांतता, की बंदोबस्ताच्या हवालदारांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं श्रद्धांजली चाललीय. मूठ काही उघडेना. तेवढ्यात वरचं दार किलकिलं झालं. आम्ही गेलो का, ते बघायला साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले.

मूठ उघडली.

चहा साहेबांच्या सदऱ्यावर, आणि दार मागून धाडकन लागून लॅच बसलं. आत जाता येईना, खाली हंडे थांबेनात. शेवटी तिथूनच, सगळ्यांदेखत, नळाचा शब्द द्यावा लागला.

नळ आला. वस्ती नाचली. चाचा कपाळाला हात लावून बसलेले.

"आता काय झालं?"

"ट्रम्पेट उशिरा आला यार. रेकॉर्डवर असा नाही येत."

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यानंतर गटारांसाठी आम्ही पुन्हा त्याच ऑफिसवर मोर्चा नेला. मूठ मी मिटली. साहेब आले, या वेळी एका हाताने दार धरून. मूठ उघडली, घोषणा उठली, हंडे वाजले. ट्रम्पेटची जागा रिकामीच गेली.

साहेब गॅलरीतून वाकून रांगा न्याहाळत होते.

"अहो," ते म्हणाले, "ते शेवटी वाजवणारे कुठे आहेत?"

माझी मूठ उघडीच होती. तरी सगळे गप्प झाले.