रुखवतातलं मडकं

मी अंगणवाडीत सेविका आहे. 'घरच्यांना सांगा, एकटीनं सोसू नका' हे गावातल्या पोटुश्या बायांना मी इतक्या वेळा सांगितलंय, की झोपेतही बडबडेन. आणि माझ्या लेकीला मात्र मीच लपवायला शिकवलं.

कॉलेजात असताना तिला शुगर निघाली, इन्सुलिन सुरू झालं. लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आधी साखर आटोक्यात, मग मूल." मी मान हलवली आणि घरी येऊन लेकीला म्हणाले, "सासरी काही बोलू नको. एवढं चांगलं स्थळ पुन्हा यायचं न्हाई." रुखवतात मीच नक्षी काढून एक छोटं मडकं दिलं. त्यातल्या ओल्या वाळूत इन्सुलिन गार ठेवायला, कारण सासरी, केजच्या घरातला फ्रिज सगळे उघडणार. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आता सांगायलाही लाज वाटते.

लग्नानंतर दोनच महिन्यांत दिवस गेले. न्हाणीघराचं दार लावून ती सुई टोचून घ्यायची. घरात पाहुणे असले की सुईही राहून जायची. तपासणीला मीच न्यायचे आणि फाईल माझ्याकडेच ठेवायचे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. पालथ्या घातलेल्या दोन वाट्यांपैकी तिनं एक उचलली, खाली पेढा निघाला. मुलगा होणार म्हणून बाया ओरडल्या. विहीणबाईंनी तिला पेढा भरवला, मग आणखी एक, मग बर्फी कशाला रुसवायची म्हणून तीही. लेक माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या वाजवत होते.

दिवस भरायच्या आधीच सिझेरियन झालं. बाळ चांगलं गुटगुटीत होतं, पण जन्मताच त्याची साखर उतरली आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साखर सांभाळा म्हणून सांगितलं होतं ना?"

"कसली साखर?" विहीणबाईंनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. आता शिव्या देतील असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. त्या बाकावर बसल्या आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुमी समोरच व्हत्या की. माझा हात कावून न्हाई धरला?"

नातू सुखरूप घरी आला, आता रांगतो. इन्सुलिन फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी असतं आणि सुईची आठवण सासूच करून देते. परवा मी तिथं असताना कुणीतरी पेढे आणले. लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं सासूकडे बघितलं.