पाहिल्याची तारीख

"अजी, इन्होंने तो भूत का हवाला दिया है!"

सगळा हॉल हसला. पडद्यावर माझ्या प्रबंधाची संदर्भसूची होती. विभागातल्या एका प्राध्यापकांनी तिच्यातली एक लिंक दाबून दाखवली. समोर कोरं पान. हे पान उपलब्ध नाही, एवढंच इंग्रजीत. मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. बायकोच्या बदलीनं चंडीगढला आलेला, कॉलेजात शिकवून उरल्या वेळात पीएच.डी. करणारा. माईक धरून उभा.

हसणाऱ्यांत माझ्या मार्गदर्शक मॅडमही होत्या.

ते लागलं. कारण मॅडम मराठी, पुण्याच्या. या शहरात कुणी मराठी बोललं की आपण विरघळतो. मीही विरघळलो होतो. त्यांच्या घरच्या गणपतीत पाहुण्यांच्या चपला नीट लावल्या होत्या मी. कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

पान खरं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं. कुसुम गावाकडे अंगणवाडीत काम करते. माझा विषय मराठवाड्यातली दुष्काळी कामं. तिनं आमच्या मांगवाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्या कामांवरच्या आठवणी विचारल्या, फोनवर टिपल्या, ब्लॉगवर टाकल्या. खडी फोडायला सगळ्यांच्या बरोबरीनं, पाणी प्यायला मात्र लांब. 'आमच्या वंजळीत वरून पाणी टाकायचे. निम्मं मातीत जायचं.' हे कुठल्या पुस्तकात नाही. मी शोधलंय. आमचं छापणार कोण?

मी ते पान उतरवून ठेवलं. रीतीप्रमाणे लिंकपुढे पाहिल्याची तारीख टाकली. वेबवरचं पान आज असतं, उद्या नसतं, म्हणून ती तारीख लिहायची असते. झालंही तसंच. गावातली चार माणसं कुसुमच्या दारात आली. "गावाची अब्रू काढायलीस का?" घरात दोन शाळकरी मुली. तिनं ब्लॉग पुसून टाकला.

सेमिनारनंतर मॅडमनी केबिनमध्ये चहा दिला.

"अहो, लिंक उघडत नाही म्हणजे पुरावा नाही. उद्या कुणीही काहीही टाकेल. प्रबंधातलं ते प्रकरणच काढून टाका." मग आवाज खाली आणून, "आपल्या माणसाचं हसं झालेलं मला नाही बघवत. तुमच्याकडची प्रत तेवढी मला पाठवून ठेवा. बघते काही करता येतं का."

मी प्रत पाठवली. आणि प्रकरण माझ्या हातानं काढलं. कुसुमनं फोनवर विचारलं, "आमच्या म्हाताऱ्या आहेत ना रे तुझ्या पुस्तकात?" मी म्हटलं, "आहेत की." हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी विभागात परिषद होती. मॅडमचं मुख्य भाषण. "तुम्ही लॅपटॉपपाशी बसा हो. स्लाइड तेवढ्या पुढं ढकला." माझ्या वयाची माणसं पहिल्या रांगेत. मी टेबलाच्या कोपऱ्यावर, बटण दाबत.

एक स्लाइड आली आणि बोट थांबलं. इंग्रजी वाक्य होतं, अर्थ असा. आमच्या ओंजळीतलं अर्धं पाणी धरणीमाता पीत असे.

धरणीमाता! उन्हात खडी फोडून बायांच्या घशाला कोरड, आणि इथं पाणी धरणीमाता पीत होती. पहिली रांग मान डोलावत होती. खाली बारीक अक्षरात संदर्भ. 'एक ग्रामीण ब्लॉग.' कुसुमचं नाव नाही. लिंक तीच. पाहिल्याची तारीखही तीच. माझी. त्या दिवशी ते पान चंडीगढजवळच्या झिरकपूरला, माझ्या फ्लॅटमध्ये उघडलं होतं. मॅडमना त्याचा पत्ता लागला तोवर ते पुसलं गेलं होतं.

"नेक्स्ट."

मी दाबलं नाही.

"नेक्स्ट, प्लीज. क्या हुआ, हँग हो गया?"

"लॅपटॉप ठीक है, मॅडम. मैं रुका हूँ."

मी उभा राहिलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. "ये पेज मेरी बहन का है. मॅडम ने इसे कभी देखा ही नहीं. नीचे जो तारीख है, वो मेरी है."

मॅडम माझ्याकडे झुकल्या. मराठीत, अगदी गोड. "इथं नको. आपण आत बोलू ना. आपली माणसं आपण."

"आतच बोललो होतो, मॅडम. म्हणून तर हे झालं."

माझ्या बाजूनं कुणी उठलं नाही. उरलेल्या स्लाइड दुसऱ्या कुणीतरी ढकलल्या.

घरी येऊन कुसुमला फोन लावला. आधी माझं खोटं सांगितलं, मग बाकीचं. ती म्हणाली, "म्हंजे आमी सांगितलं की भूत, आन् ती बाई सांगायली की इंग्रजी?"

"चिडलीस?"

"चिडले तर. तुझ्यावर जास्त. तिला मी काय वळखते का? आता नाव घाल माझं."

"ते लोक परत येतील दारात."

"येऊ दे. पोरी मोठ्या झाल्यात, त्याच बोलतील. आडनावासकट घाल, दादा."

मॅडमनी माझं मार्गदर्शन सोडलं. दुसरं कुणी घेत नाही. 'देखते हैं जी' म्हणतात आणि बघत नाहीत. काढलेलं प्रकरण मी परत घातलंय. तळटिपेत कुसुमचं पूर्ण नाव आहे. पान आता नाही, हे आहे. का नाही, तेही आहे. दारात येऊन धमकावलं म्हणून पुसावं लागलं. संदर्भ देण्याच्या कुठल्याच नियमात एवढं लिहायला जागा नाही. मी जागा केली आहे. ती टीप काढा म्हणणाऱ्याला माझा अख्खा प्रबंध नाकारावा लागेल. स्वतःच्या सहीनं. मी माझ्या हातानं आता काहीही काढणार नाही.