एकसारखे दिसणारे फोटो

बाबा गेले तेव्हा हार घालण्याजोगा त्यांचा एकच फोटो घरात सापडला. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मान ताठ, ओठ मिटलेले. तोच मोठा करून मुलुंडच्या घरात भिंतीवर लावला. आईला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही.

"हा कुठला साहेब आणून लावलायस? हे असे नव्हते."

पहिल्या स्मृतिदिनापर्यंत बाबांसारखे दिसणारे बाबा मिळावेत, एवढंच तिचं मागणं होतं. अडचण अशी की घरातले फोटो बाबाच काढत, त्यामुळे ते स्वतः त्यांत नसत. त्यांच्या मोबाइलमधले सगळे फोटो एका कंपनीच्या क्लाउडवर जात. जागा भरल्याच्या सूचना येत होत्या, आणि न वापरलेलं खातं कधी ना कधी बंद होतं, हे धाकट्या भावाला माहीत होतं. तो जोगेश्वरीला राहतो. एका रविवारी तो जुना कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क घेऊन आला.

"आई, हा आपला सर्व्हर. आता फोटो आपल्याच घरात राहणार."

"मग इतके दिवस कुठे होते?"

"त्या कंपनीकडे."

"वा! आणि मी शेजारी किल्ली ठेवली तर मला ओरडता."

सर्व्हर चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी बसला. बाहेर पडताना घरातलं प्रत्येक बटण बंद करायची आईची सवय. भाजी आणायला निघताना तिने त्याचंही बटण बंद केलं आणि फोटो उतरायचे अर्ध्यात थांबले. भावाने बटणावर चिकटपट्टी लावली.

पुढच्या रविवारपर्यंत सगळे फोटो आले होते आणि सर्व्हरने त्यांतले चेहरे वेगळे काढले होते. एकेक चेहरा पडद्यावर येई, खाली नावासाठी रिकामी चौकट. मी आईला शेजारी बसवलं. मावशी झाली, समोरच्या काकू झाल्या, आम्ही दोघं झालो. मग बाबा आले.

"हे कोण?" मी त्याच ओघात विचारलं.

"हे," आई म्हणाली.

लग्नानंतर उखाण्याबाहेर तिने बाबांचं नाव घेतलं नव्हतं. बँकेतही ते ती मला सांगायला लावायची. मी चौकटीत "हे" लिहिलं. सर्व्हरची काही हरकत नव्हती.

"हे" या नावाखाली मोजकेच फोटो निघाले. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत मागे, दुकानाच्या आरशात अर्धे. आणि शेवटी एक लांबलचक रांग: आमच्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीजवळ, चौकटीचा शर्ट घातलेले बाबा. तो शर्ट भावाने पाठवला होता आणि घातलेला बघायचाय म्हणून हट्ट धरला होता. त्यामुळे बाबांनी त्या दिवशी मोबाइल आईच्या हातात दिला. तिने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. अशा वेळी मोबाइल धडाधड फोटो काढतो, त्यांची गड्डी करतो आणि फक्त वरचा दाखवतो. वरच्या फोटोत बाबा ओळखपत्रातल्यासारखेच ताठ होते. तो आम्ही पाहिला होता आणि सोडून दिला होता. सर्व्हरवर ती गड्डी सुटून सगळे फोटो वेगवेगळे झाले होते. त्याने वर सूचनाही दिली होती: एकसारखे फोटो, एक ठेवून बाकीचे काढायचे का?

"काढ ना," भाऊ म्हणाला. "डुप्लिकेट आहेत सगळे."

"हात लावून बघ," आई म्हणाली. "कुठे सारखे आहेत?"

तिने चष्मा लावला आणि पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली. बाबा ताठ उभे. मग नजर मोबाइलकडे. मग कपाळावर आठी. मग हात पुढे. शेवटच्या फोटोंत चष्मा नाकावर घसरलेला, डोळे मिटलेले, बाबा हसत होते.

"हा झकास आहे, आई," भाऊ म्हणाला. "हाच घेऊ."

आईने हसरे फोटो पाहिले आणि ती एक फोटो मागे गेली. त्यात बाबांचा पुढे आलेला हात पुसट होता आणि तोंड अर्धवट उघडं.

"हा."

"अगं, यात तोंड उघडं आहे," मी म्हणाले.

"असणारच. बोलतायत ना."

"काय?"

"'अगं, सोड ते बटण.'" ती पडद्याच्या जवळ सरकली. "बटणापर्यंत आलेले नाहीत अजून. अगं म्हणतायत. अगं म्हणताना हे असेच दिसायचे."

भावाने मान वळवली आणि उगीचच वायर तपासली.

भांडुपच्या फ्रेमवाल्याने फोटो पाहून सुचवलं, "मावशी, कॉम्प्युटरवर तोंड मिटून देतो. कळणारही नाही."

"मला एवढ्या वर्षांत जमलं नाही," आई म्हणाली, "तुला कुठलं जमतंय?"

स्मृतिदिनाला भिंतीवर तोच फोटो होता. मी हार घातला. आईने तो काढला, दोरा सैल करून पुन्हा बांधला आणि ओठ झाकले जाणार नाहीत इतका खाली घेतला.