अड्याळच्या काट्याची यादी

टेकचंदचा पगार नागपूरच्या एका कंपनीतून येई. काम मात्र तो मोहाडीच्या घरातूनच करी. वडिलांनी माग विकला, त्या जागी त्याचं टेबल आलं होतं.

कंपनी छप्पन राइस मिलींच्या वजनकाट्यांवरचे कंप्युटर सांभाळत होती. प्रत्येक काट्यावर बसणारी माणसं वेगळी, पण कंप्युटरने कोणाला आत घ्यायचं, याची यादी पूर्वी सगळीकडे एकच असे. तुमसरचा माणूस पवनीची वजनं उघडून बघू शके. टेकचंदने त्यावर कोड लिहिला: एकेका कंप्युटरपाशी जायचं, फक्त त्याचीच यादी वाचायची, यादीतल्या प्रत्येकाला आत घ्यायचं, बाकीच्यांना काढायचं, मग पुढे जायचं. त्यात एक ओळ त्याने जपून घातली होती. यादीच सापडली नाही तर कशालाही हात न लावता तिथेच थांबायचं.

या ओळीपायी कोडचा रोजचा फेरा कधी कधी अडे, आणि नागपूरचे साहेब, भूषण, फोन करत.

"काढ ना ते, टेकचंद. यादी नसन तर रिकामी समज अन् पुढं जा."

"सर, रिकामी समजलं तर तो सगळ्यायलेच बाहेर काढन."

"तू तं सासूसारखा टोकून राहिला. पुढच्या महिन्यात पक्कं व्हायचं आहे ना तुले?"

सहा वर्षं तो कंत्राटावर होता. त्याने ओळ काढली.

तीन आठवड्यांनी अड्याळच्या मिलीत नवा कंप्युटर बसला. तो नव्या नावाने नोंदला गेला, यादी जुन्याच नावाखाली राहिली. कोडला यादी दिसली नाही. त्याने ती रिकामी समजली, आणि सगळ्यांना काढून तो पुढच्या मिलीकडे गेला.

सकाळी काट्यावरच्या रुखमाचा फोन आला.

"टेकचंदभाऊ, हा कंप्युटर मले आत घेऊनच नाही राहिला. बावीस ट्रॅक्टर उभे आहेत धानाचे!"

"दहा मिनिटं द्या, ताई."

"ते तुम्ही येऊन सांगा या लोकायले. माह्या नावानं बोंबलून राहिले."

यादी जोडायला चारच मिनिटं लागली. तोवर मिलमालकाची तक्रार नागपूरला पोचली होती.

दुपारच्या बैठकीत भूषणने बदलांची नोंद सगळ्यांसमोर उघडली. काढलेल्या ओळीपुढे टेकचंदचं नाव होतं, तारीख होती, वेळ होती. ती ओळ काढायला सांगणारा फोन कुठेच नोंदलेला नव्हता.

"बदल कोणी केला, हे स्पष्ट आहे," भूषण म्हणाला. त्या दिवशी तो अगदी शुद्ध बोलत होता.

पत्राचा मजकूर नागपूरहूनच आला. चूक सर्वस्वी माझी आहे. कंत्राट चालू ठेवावे, ही विनंती. कायम करण्याचा आग्रह धरणार नाही. टेकचंदने तो छापून घेतला. त्याची आई, देवकाबाई, चहा घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं.

"पक्क्याचा कागद होय का रे?"

टेकचंदने पेनचं टोपण काढलं.

"सही करून राहिलो, माय."

ती कप तसाच ठेवून बाहेर गेली. कुंपणापाशी शेजारणीला हाक मारताना तिचा आवाज चढला. "धुरपता, आयकलं का वं? झालं माह्या टेकचंदचं!"

तिला हाक मारायला तो अर्धा उठला. मग खाली बसला आणि सहीखाली तारीख घातली.